कुंपण आणि शेत : डॉ. कमल रणदिवे आणि शरीराच्या संरक्षणाची कथा

(शतकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न मराठी भाषेने पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे. चलथाणच्या परिसरात, जेथे उसाचे मळे साखर कारखान्याच्या आवारापर्यंत पसरलेले आहेत, तेथे या म्हणीचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. कुंपण घालावयाचे ते पीक वाचविण्यासाठी. तेच कुंपण पिकावर उलटले तर राखणदाराचीच राखण करण्याची वेळ येते. या म्हणीची दुसरी बाजू मात्र भाषेने अजून शब्दांत बांधलेली नाही. कुंपणाच्या आत, पिकाच्याच रंगारूपाचे तण माजले आणि कुंपणाला ते परके म्हणून ओळखताच आले नाही, तर काय करावे?

वैद्यकशास्त्रातील दोन बिकट प्रश्न या दोन वाक्यांत सामावले आहेत. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर चालून जाते, तेव्हा होणाऱ्या विकारांना डॉक्टर 'ऑटोइम्यून' म्हणतात. मराठीत त्यांस स्वयंप्रतिकाराचे रोग म्हणता येईल. सांधे वाकडे करणारा आमवात, त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत कोठेही आघात करणारा ल्युपस, कोवळ्या वयात जडणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह ही त्यांची परिचित उदाहरणे. दुसरा प्रश्न कर्करोगाचा. कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती घरातच जन्मते, घरच्यांसारखीच दिसते, म्हणून पहारेकऱ्यांच्या नजरेतून निसटते. एका ठिकाणी प्रतिकारशक्ती अतिरेक करते, दुसऱ्या ठिकाणी ती स्वस्थ बसते. या दोन टोकांचा सांधा जेथे दिसू लागतो, अशा ठिकाणी एका मराठी स्त्रीने आपले आयुष्य वेचले. तिचे नाव डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनी शिकावे की नाही, याविषयीच समाजात वाद होता असा तो काळ. परंतु समर्थांच्या घरी मुलींनी शिकावे हे गृहीतच होते. हुजूरपागेतील शाळा, नंतर फर्ग्युसन, नंतर पुण्याचे कृषी महाविद्यालय असा कमलताईंचा शिक्षणाचा मार्ग. वडिलांची इच्छा मुलीने डॉक्टर व्हावे अशी होती. मुलीने मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले, आणि एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रांचा अभ्यास केला. रुग्णाची नाडी पाहण्याऐवजी पेशीचे अंतरंग पाहणे तिने पत्करले. वडिलांचा हेतू त्यामुळे विफल झाला असे म्हणता येणार नाही. तो वेगळ्या वाटेने सफल झाला.

१९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले होते. तेथे त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारखा गुरू लाभला. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते हेच खानोलकर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी त्यांस मिळाली. काचेच्या बशीत मानवी पेशी अखंड वाढत ठेवण्याची किमया १९५१ मध्ये ज्या प्रयोगशाळेने साधली, ती हीच. तेथील विद्या हाती आल्यावर परदेशात स्थिरावणे त्यांस अवघड नव्हते. रणदिवे परत आल्या, आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची देशातील पहिली संशोधन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. उपकरणे तुटपुंजी, पेशींना लागणारे पोषणद्रव्यही बऱ्याच वेळा स्वतःच तयार करावे लागे, अशा अवस्थेतील ते काम होते.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय स्तनांच्या कर्करोगाचा. उंदरांच्या विशिष्ट वाणांमध्ये हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जाणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे अमेरिकेत आढळून आले होते. रणदिवे यांनी हा विषाणू, शरीरातील संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचा परस्परसंबंध उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. स्तनांचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचे नाते आपल्या देशात ज्यांनी आरंभी मांडले, त्यांत त्यांची गणना होते. आज ज्या घरात आई, मावशी वा बहीण या रोगाने गेली असेल, त्या घरातील मुलींनी वेळीच तपासणी करून घ्यावी असा सल्ला डॉक्टर देतात. त्या सल्ल्यामागे अशा अनेक संशोधकांची कित्येक वर्षांची खटपट उभी आहे.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे कार्य अधिक मोलाचे आहे. ते कुष्ठरोगासंबंधीचे होय. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत कुष्ठरोगाचे काय काम, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर त्या रोगाच्या स्वभावात आहे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन या नॉर्वेतील शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये शोधून काढला. जंतू एकच, पण रोगाची रूपे दोन टोकांची. एका टोकाला प्रतिकारशक्ती जंतूंवर इतक्या त्वेषाने तुटून पडते, की जंतू थोडे उरतात, पण त्या धुमश्चक्रीत मज्जातंतू होरपळून निघतात आणि हातापायांची संवेदना जाते. दुसऱ्या टोकाला प्रतिकारशक्ती त्या जंतूपुढे निःशब्द होते, आणि जंतू शरीरभर अमर्याद वाढतात. म्हणजे पहारेकऱ्याचा अतिरेक आणि पहारेकऱ्याची झोप, या दोन्ही गोष्टी एकाच रोगाच्या दोन अंगांत पाहावयास मिळतात. पहिल्या रूपात स्वयंप्रतिकाराच्या रोगांची छाया आहे, दुसऱ्यात कर्करोगाची. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकास कुष्ठरोग हे उघडे पुस्तकच वाटावे.

१९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींमधून एक जंतू वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो 'आय.सी.आर.सी. जंतू' म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढील तपासात असे दिसून आले, की हा खरा कुष्ठजंतू नसून त्याच्या गोत्रातील निराळा जंतू आहे. खरा कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात वाढविणे आजवर कोणासच साधलेले नाही. कोणास वाटेल, की एवढे श्रम वाया गेले. तसे झाले नाही. या जंतूची ठेवण कुष्ठजंतूशी पुष्कळ अंशी जुळणारी होती, आणि झोपलेल्या पहारेकऱ्यास जागे करण्यास ती पुरेशी होती. याच संस्थेत डॉ. माधव देव यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे त्यापासून लस तयार केली. तामिळनाडूत सुमारे १ लक्ष ७१ हजार लोकांवर चार निरनिराळ्या लसींची तौलनिक चाचणी घेण्यात आली. डॉ. मोहन गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात आय.सी.आर.सी. लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले, केवळ बी.सी.जी. लसीचे संरक्षण सुमारे ३४ टक्के होते. दरम्यान १९८२ पासून बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचा जोर ओसरत गेला. तरीही मानवाच्या प्रतिकारशक्तीस बाहेरून शिकविता येते, हे मुंबईतील एका प्रयोगशाळेत सुरू झालेल्या कामाने दाखवून दिले, हे विसरता येणार नाही.

आता थोडे मागे जाऊन जगाच्या अनुभवाकडे पाहणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिक या थोर जर्मन शास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला होता, की शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्याचे कटाक्षाने टाळते. या सिद्धान्ताचा दबदबा एवढा, की जवळजवळ अर्धशतक त्याविरुद्ध बोलण्यास फारसे कोणी धजले नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉइट, डोनिआक आदींनी रुग्णांमध्ये दाखवून दिले, की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कंठस्थ ग्रंथीवर, म्हणजे थायरॉइडवर, हल्ला करू शकते. कुंपण शेत खाते, याचा पुरावा प्रथमच हाती आला.

मग प्रश्न उलटा झाला. कुंपण शेत खाऊ शकते, तर ते सर्वांच्या बाबतीत का खात नाही? याची उत्तरे हळूहळू मिळत गेली. प्रतिकारशक्तीचे सैनिक म्हणजे टी-पेशी. छातीतील थायमस या ग्रंथीत, जिला मराठीत यौवनलोपी ग्रंथी असे अर्थपूर्ण नाव आहे, त्यांचे शिक्षण होते. जे स्वकीयांवरच शस्त्र धरतात त्यांपैकी बहुतेक तेथेच बाद होतात. तरीही काही निसटतात. अशांना आवरणाऱ्या निराळ्या टी-पेशी असतात, हे जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखविले. २००१ मध्ये मेरी ब्रुन्कॉव आणि फ्रेड राम्सडेल यांनी त्यामागील जनुक शोधला. या तिघांस २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फौजेला शिस्त लावणारे जमादार फौजेतच असतात, असा या शोधाचा सोपा अर्थ.

कर्करोग या शिस्तीचाच गैरफायदा घेतो. टी-पेशींच्या अंगावर लगामासारखी प्रथिने असतात. लढाई संपल्यावर त्यांस थांबविण्यासाठी निसर्गाने ती योजिली आहेत. कर्करोगाच्या पेशी हा लगाम ओढून सैनिकास जागच्या जागी उभा करतात. जपानमधील तासुकू होन्जो यांनी पीडी-१ हे असे प्रथिन १९९२ मध्ये शोधले. अमेरिकेतील जेम्स अॅलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर काम केले. लगाम सैल केला, तर सैनिक गाठीवर तुटून पडतो, असे त्यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले. असे पहिले औषध २०११ मध्ये मान्य झाले, आणि २०१८ मध्ये दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लगाम सैल झालेला घोडा आपल्या-परक्याचा भेद नेहमीच पाळतो असे नाही. या औषधांनी काही रुग्णांच्या आतड्यास, थायरॉइडला, यकृतास सूज येते. म्हणजे कर्करोग हटविताना स्वयंप्रतिकाराचा रोग ओढवू शकतो. दोन प्रश्न एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे यावरून कळावे. शिवाय ही औषधे सर्व रुग्णांस लागू पडत नाहीत, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या नात्याचे सर्वांत हृद्य उदाहरण एका लहान मुलीचे आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीवर एक नवा उपचार करण्यात आला. तिचा रक्ताचा कर्करोग सर्व औषधांना पुरून उरला होता. तिच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांस कर्करोगाची पेशी ओळखण्याचे नवे साधन जनुकाद्वारे जोडून, त्या तिच्या शरीरात परत सोडण्यात आल्या. या उपचारास 'कार-टी' म्हणतात. पेशींनी काम चोख केले, पण त्या युद्धात उसळलेल्या दाहाने मुलीचे प्राण कंठाशी आले. तेव्हा डॉ. कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉसिलिझुमॅब हे औषध दिले. ते औषध कर्करोगाचे नव्हतेच. ते आमवाताचे होते. डॉ. जून यांच्या स्वतःच्या मुलीस बालवयातील संधिवात असल्याने त्या औषधाची त्यांस माहिती होती. एमिली वाचली, आणि दहा वर्षांनंतरही ती रोगमुक्त होती. स्वयंप्रतिकाराच्या रोगाचे औषध कर्करोगाच्या उपचारात तारक ठरले.

याच्या उलट दिशेचाही प्रवास झाला. २०२१ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे डॉ. गेओर्ग शेट यांच्या चमूने कार-टी उपचार ल्युपस झालेल्या एका तरुणीवर केला, आणि २०२२ मध्ये अशा पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाचही जणांचा रोग शमला होता. कर्करोगासाठी घडविलेले शस्त्र आत्मघाती प्रतिकार थोपविण्यास उपयोगी पडले. रुग्णांची ही संख्या लहान आहे आणि दीर्घकालीन अनुभव अजून यावयाचा आहे. तरीही एक दार उघडले आहे, एवढे निश्चित.

ही कथा परदेशातच राहिली असती, तर सुरत-चलथाणच्या श्रोत्यांपुढे ती सांगण्यात फारसे हशील नव्हते. परदेशात या उपचाराचा खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात जातो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन व त्यांचे सहकारी यांनी हा उपचार येथेच घडविण्याचा ध्यास घेतला. जून २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णास या देशी पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९' या नावाने त्यास शासकीय मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचारास प्रतिसाद दिला. खर्च परदेशाच्या सुमारे एक-दशांश. तोही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नाही, हे नाकारता येत नाही. पण अशक्याचे अवघड झाले, हीदेखील लहान गोष्ट नव्हे. खारघरचे हे केंद्र म्हणजे रणदिवे ज्या कर्करोग संशोधन संस्थेच्या १९६६ ते १९७० या काळात संचालक होत्या, तिचेच वाढलेले रूप होय. गुरूने लावलेले रोप शिष्येने जोपासले, आणि त्याची फळे तिसऱ्या-चौथ्या पिढीस मिळाली.

रणदिवे यांच्या चरित्रातील आणखी दोन गोष्टी सांगितल्याखेरीज हे विवेचन पुरे होणार नाही. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेत येणारी स्त्री घर आणि मूल यांच्या ओढाताणीत अर्ध्यावर थांबते, हे त्यांनी पाहिले होते. वाशी येथे नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर या संघटनेने उभारले. निवृत्तीनंतर त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास 'सत्यनिकेतन' संस्थेच्या साहाय्याने केला. १९८२ मध्ये त्यांस पद्मभूषण मिळाले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणारी दृष्टी शेवटी माणसापर्यंत पोहोचली, असे त्यांच्याविषयी म्हणावेसे वाटते.

हा विषय स्त्रियांच्या संदर्भात अधिक गंभीर आहे. स्वयंप्रतिकाराच्या रोगांच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार स्त्रिया असतात. ल्युपसमध्ये हे प्रमाण दहांत नऊ इतके आहे. सकाळी बोटे आखडणे, कारणावाचून थकवा, चेहऱ्यावर उमटणारे लाल चट्टे, महिनोन्‌महिने येणारी कणकण यांकडे घरोघरी 'कामाचा शीण' म्हणून पाहिले जाते. सासूने सोसले, तसे सुनेने सोसावे, अशी जणू रीतच आहे. स्तनातील गाठही लाजेपायी लपविली जाते, आणि मग उशीर झाल्यावर उधना-जळगाव मार्गावरील गाडी धरून, सुरतेस गाडी बदलून, परळ गाठावे लागते. खानदेशातून येऊन या भागात स्थिरावलेल्या कित्येक कुटुंबांस ही वाट ठाऊक आहे. त्या वाटेवर जावेच लागले, तर ते लवकर जावे. कुष्ठरोगास एके काळी पापाचे फळ मानले गेले, आणि त्या समजुतीने रोगापेक्षा अधिक माणसे घराबाहेर काढली. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन उभे राहावे लागले ते याच कारणाने. रोग हा अपराध नाही. तो लपविण्याची सक्ती हा मात्र समाजाचा अपराध आहे.

येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. शरीरातील टी-पेशीस आपले कोण आणि परके कोण हे जन्मतः पुरतेपणी कळत नाही. ते तिला शिकावे लागते. समाजाचेही तसेच आहे. ज्या समाजाला ओळखण्याचे शिक्षण मिळत नाही, तो आपल्याच माणसांवर तुटून पडतो आणि खऱ्या शत्रूस घरात आसरा देतो. परप्रांतात मराठी ग्रंथालय शंभर वर्षे टिकते, ते केवळ कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांमुळे नव्हे, तर आपले आणि परके यांचा विवेक शिकविणारी शाळा म्हणून. गुजराती शेजाऱ्यांच्या स्नेहात राहून आपली भाषा जपणे, हाही त्याच विवेकाचा भाग होय.

म्हणून या शतकमहोत्सवी वर्षात संतवाङ्मय आणि कादंबऱ्या यांच्या शेजारी विज्ञानाचे आणि आरोग्याचे एक कपाट असावे, त्यात रणदिवे, खानोलकर यांच्या कार्याची ओळख करून देणारी पुस्तके असावीत, आणि ते कपाट मुलींच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असावे, एवढीच अपेक्षा. हुजूरपागेतील एका मुलीच्या हाती पुस्तक पडले, त्याचे फळ आज कित्येक रुग्णांच्या पदरी पडत आहे. चलथाणच्या एखाद्या मुलीच्या हाती कोणते पुस्तक पडेल, आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी जाईल, हे आज सांगता येणार नाही. पण पुस्तक तेथे असलेच पाहिजे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.